जिरायती पोटाचा ससा

अमेरिकेतल्या कुठल्याशा शेतात कापलेलं, वाळवलेलं आणि दाबून पिशवीत भरलेलं ‘टिमोथी’ नावाचं गवत आता बारामतीत कुरिअरने घरपोच येतं. किलोमागे काहीशे रुपये मोजून ते घेणारी घरं आहेत. त्यांना हसायचं कारण नाही, कारण सशाला काय लागतं हे त्यांना निदान कळलेलं आहे. गंमत एवढीच की ती पिशवी ज्या रस्त्याने येते, त्याच्या दोन्ही अंगांना मका, कडवळ, हत्तीघास आणि लसूणघास डोलत असतो. चारा कशाशी खातात हे बारामती-इंदापूर तालुक्यांना कुणी शिकवायला नको. दुधाचा धंदा इथे घराघरांत आहे, मुरघासाच्या पिशव्या गोठ्याशेजारी रचलेल्या असतात आणि गाईच्या खुराकाचा हिशोब शाळकरी पोरही सांगतं. तरी त्याच घराच्या ओट्यावर, पिंजऱ्यातल्या पांढऱ्या सशापुढे भाकरीचा तुकडा, गाजर आणि ग्लुकोजचं बिस्किट पडलेलं दिसतं.

सशाला नीट खायला-प्यायला मिळालं तर तो आठ-दहा वर्षं सहज जगतो. पण ‘ससा काय, वर्ष-दोन वर्षांचाच सोबती’ असं लोक धरूनच चालतात. सशाची बहुतेक दुखणी दोनच ठिकाणी सुरू होतात, दातांत आणि आतड्यांत, आणि दोन्हींचा उगम ताटात असतो. बारामती-इंदापूरच्या वाचकाला हे एका वाक्यात सांगता येतं. सशाचं पोट जिरायती आहे, आणि आपण त्याला बागायती वाढतो.

जिरायत-बागायतीचा फरक इथे पुस्तकातून शिकावा लागत नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात नीरेच्या कालव्याचं काम निघालं, १८८५ च्या सुमारास डाव्या कालव्याला पाणी आलं आणि बारामती तालुक्याचे दोन तुकडे झाले. कालव्याखाली ऊस, केळी, बारमाही घास. वरच्या अंगाला सुपे, मोरगाव, लोणी भापकर, जिथे पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि माळावर खुरटं गवत. इंदापुरातही तसंच. नीरा, भीमा आणि उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला ऊस आणि केळी, आणि मधल्या माळावर कडबनवाडीसारखी कुरणं. घरातला ससा कालव्याखालच्या घरात राहतो, पण त्याचं पोट घडलं ते माळावरच्या गवतावर.

इथे एक घोळ आधी निस्तरला पाहिजे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. तिथल्या किंवा कडबनवाडीच्या गवतात अंधार पडताना टुणकन उडी मारून पळतो तो रानससा. पिंजऱ्यातला ससा हा त्याचा पाळीव भाऊ नव्हे. तो वेगळाच प्राणी आहे, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, आणि भारताच्या रानात तो कधीच नव्हता. रानसशाची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं उघडीवाघडी आणि आंधळी असतात, म्हणून त्यांना बीळ किंवा खोकं लागतं. ऊसतोडीत किंवा गहू काढताना रानसशाचं पिल्लू एकटं सापडतं आणि दयेपोटी घरी येतं. त्याची आई मेलेली नसते. ती पिल्लांना गवतात ठेवून दूर राहते आणि दिवसातून एखाद-दोन वेळा येऊन पाजून जाते. घरी आणलेलं पिल्लू गाईच्या दुधावर क्वचितच तगतं, शिवाय रानससा पकडणं आणि पाळणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पिल्लू होतं तिथेच ठेवावं. जखमी असेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

दोघे वेगळे असले तरी पोटाची रीत दोघांची सारखीच, निकस गवतावर जगायची. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी दोनेक डझन ससे ऑस्ट्रेलियात सोडले. पुढच्या काही दशकांत त्यांनी अर्धाअधिक खंड व्यापला. त्या कोरड्या, रखरखीत माळरानांवर त्यांना कुणी गाजर टाकत नव्हतं. गाजराचं खूळ बरंचसं सिनेमाने आणलेलं. १९४० पासून बग्ज बनी पडद्यावर गाजर चावत उभा आहे, आणि ती लकब क्लार्क गेबलच्या १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’वरून उचललेली. एका नटाने गाजर खाल्लं, ते एका कार्टूनने उचललं, आणि त्याची शिक्षा आजही जगभरचे ससे भोगताहेत. गाजराच्या कंदात साखर असते. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून दोनदा, एवढीच त्याची लायकी. गाजराचा पाला मात्र उत्तम, आणि मंडईत तोच खुडून फेकतात.

आता पोटाकडे वळू. गाय आणि ससा दोघेही गवतातला तंतू जिवाणूंकडून कुजवून घेतात. गाईचं कोठार पुढे, सशाचं मागे, एवढाच फरक. गाईच्या पोटात अन्न आधी आंबतं आणि मग पचतं. सशाचं आधी पचतं आणि उरलेलं मागच्या मोठ्या पिशवीत, म्हणजे अंधांत्रात, आंबतं. मग आंबून तयार झालेलं पोषण अंगी लावायचं कसं? गाईला ही अडचण नाही. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. पिंजऱ्यात सकाळी दिसतात त्या कोरड्या, गोल, हरभऱ्याएवढ्या, चुरडल्या तर आत गवताची कुट्टी. दुसऱ्या बहुधा आपल्याला दिसतच नाहीत. बारीक, मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेला घोस. ससा मान पोटाखाली घालून तो थेट तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. त्यात जिवाणूंनी तयार केलेली प्रथिनं आणि बी गटातली जीवनसत्त्वं असतात. ससा ‘घाण खातो’ म्हणून त्याला हटकणारी घरं आहेत. हटकू नये, ते त्याचं अर्धं जेवण आहे.

आणि तपासायची खूणही तिथेच आहे. मऊ घोस पिंजऱ्यात न खाल्लेला पडून राहू लागला किंवा शेपटीखालच्या केसांना चिकटू लागला, तर समजावं की ताटात पिष्ट आणि प्रथिन जास्त झालं, गवत कमी पडलं. पावसाळ्यात हे दुर्लक्षिलं तर चिकटलेल्या घाणीवर माशा बसतात, अंडी घालतात, आणि एखाद-दोन दिवसांत जिवंत सशाच्या मागच्या अंगात अळ्या पडतात. गोठ्यात जखमेत किडे पडलेलं जनावर पाहिलेल्या माणसाला यापुढे सांगायला नको.

दातांचं गणित याहून सोपं. सशाला २८ दात, आणि सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर वर्षाला १०-१२ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. झिजतात म्हणून तोंडात मावतात. ही झीज कशी होते ते पाहायचं असेल तर हरळीची एक लांब काडी सशाच्या तोंडाशी धरावी. काडी आडवी न जाता उभीच आत सरकते आणि जबडा आडवा, जात्यासारखा फिरत राहतो, मिनिटाला शंभरावर फेरे. हे दळण दिवसभर चाललं तरच दाढा समतल राहतात. भाकरी, बिस्किट, गोळी पेंड हे पदार्थ दोन-चार उभ्या चाव्यांत संपतात, दाढा एकमेकींवर घासतच नाहीत. मग दाढेला सुईसारखी टोकं येतात, जीभ आणि गाल फाटतात, लाळ गळते, हनुवटी ओली राहते आणि ससा खाणं सोडतो. लोकांना वाटतं, रुसलाय.

मग लसूणघास का नको? बारामती-इंदापुरात हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि रास्त आहे. गाईला घातलेल्या पेंढीतून दोन काड्या सशाला, याहून सोपं काय? लसूणघास हिरवागार, मऊ, ससा त्यावर तुटून पडतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या आरएल-८८ सारख्या वाणाने हा घास वर्षानुवर्षं कापण्या देतो आणि दूध वाढवतो. पण दूध वाढवतो ते ज्या गुणांनी, त्याच गुणांनी तो प्रौढ सशाला सोसत नाही. वाळलेल्या घासात प्रथिन १७-२० टक्के आणि कॅल्शियम सव्वा ते दीड टक्क्यापर्यंत. साध्या वाळलेल्या गवतात दोन्ही त्याच्या निम्म्याहून कमी. सशाच्या शरीराची एक विचित्र खोड आहे. इतर बहुतेक प्राणी गरजेपुरतं कॅल्शियम शोषतात, ससा समोर येईल ते बहुतेक सगळं शोषतो आणि जादाचं मूत्रपिंडातून बाहेर टाकतो. फरशीवर सशाची लघवी वाळल्यावर चुन्यासारखा पांढरा डाग राहतो तो याचाच. थोडा डाग स्वाभाविक. रोज घास खाणाऱ्या सशाची लघवी मात्र दाट, दुधट होत जाते, मूत्राशयात गाळ बसतो, खडे होतात, आणि ससा लघवीला बसला की कण्हतो.

घास अगदीच वर्ज्य आहे असं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या वाढत्या पिल्लाला, गाभण किंवा पाजत्या मादीला तो चालतो, उलट उपयोगीच. पुढे मात्र महिनाभरात कमी करत बंद. आजारातून उठलेल्या सशाची भूक चाळवायला दोन काड्या दिल्या तर हरकत नाही. गोठ्यातली दुसरी वैरणही एकेक करून पाहावी लागते. उसाचं वाढं नको. ते गुरांनाही एकट्यावर पुरत नाही, त्यातल्या ऑक्झलेटमुळे चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. कोवळी ज्वारी किंवा खोडव्याचे पोंगे अजिबात नकोत. गुरांना ज्या विषाने किराळ लागते ते सशालाही सोडत नाही. मुरघास आंबलेला, तो गाईचाच. सुबाभूळ नको. वाळलेला कडबा चालतो, त्यातही मोहोळच्या मालदांडीचा असेल तर ससा पानं आवडीने खातो, खोडं मात्र बहुतेक पडून राहतात. हिरवा मका कणीस धरायच्या आधीचा, पानं थोडी.

मग खायला घालायचं काय? उत्तर मोरगावला मयूरेश्वराच्या वाटेवर जुड्या बांधून विकायला ठेवलेलं असतं. दूर्वा, म्हणजे आपली हरळी. शेतकरी तिच्या नावाने कपाळावर हात मारतो, कारण एकदा रानात शिरली की कुळवून, खणून, फवारूनही हटत नाही. तेच गवत परदेशात ‘बर्म्युडा’ म्हणून घोड्यांसाठी आणि सशांसाठी मुद्दाम पिकवलं जातं, वाळवून गठ्ठ्यांनी विकलं जातं. तंतू भरपूर, प्रथिन माफक, कॅल्शियम बेताचं. ताजी चालते, वाळलेली त्याहून बरी. माझं स्पष्ट मत असं की या दोन तालुक्यांत ज्याच्या घरामागे चार हात हरळी आहे, त्याने टिमोथीच्या पिशवीवर पैसा घालवू नये. ती पिशवी सदनिकेत राहणाऱ्याने घ्यावी, त्याची अडचण खरी आहे.

अट एकच आणि ती कडक आहे. हरळी कुठली? उसाच्या बांधावरची नको. ऊसपट्ट्यात तणनाशक आता खुरप्याच्या जागी आलं आहे आणि फवाऱ्याचा वारा बांधापर्यंत जातोच. इंदापूरच्या डाळिंब बागांतलं गवत तर अजिबात नको. तेल्या रोगाच्या धास्तीने तिथे बोर्डो मिश्रणापासून प्रतिजैविकांपर्यंत काय काय फवारलेलं असतं, आणि मोरचुदाचं तांबं लहान जिवाला सोसत नाही. रस्त्याकडेचं गवत धुळीचं आणि धुराचं. घरामागचं, मंदिराच्या आवारातलं, मोकळ्या गायरानातलं, जिथे फवारा गेला नाही हे खात्रीने माहीत आहे तिथलं घ्यावं. गाजरगवत, घाणेरी, धोतरा, रुई, कण्हेर आणि एरंड यांतलं पान चुकून भाऱ्यात येऊ नये, म्हणून भारा सोडून हाताने चाळावा. दोन मिनिटांचं काम आहे.

स्वच्छ पाला मिळायची एक जागा मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. या भागात रेशीमशेती आहे, कोषांचा बाजार बारामतीच्या बाजार समितीत भरतो. तुतीच्या बागेत शेतकरी कीटकनाशक मारायला धजत नाही, कारण त्याचे किडे तोच पाला खातात आणि विषाचा अंश आला तरी अख्खी बॅच जाते. म्हणजे पाला किती निर्धोक याची परीक्षा रेशीमकिड्याने आधीच घेतलेली असते. तुतीचं पान ससा चवीने खातो आणि चांगलं पचवतो. फक्त त्यात प्रथिन आणि कॅल्शियम वरचढ, म्हणून दिवसाला चार-पाच पानं. काड्याही द्याव्यात, सोलत बसतो. ओळखीचा रेशीमवाला असेल तर त्याला विचारावं. छाटणीच्या दिवसांत पाला-फांद्या रानात पडूनच असतात.

कुरणातल्या गवताचंही थोडं सांगतो. पवना, मारवेल, डोंगरी ही माळावरची गवतं सशासाठी उत्कृष्ट. ती फुलोऱ्यात असताना कापायची, पार वाळून पिवळी पडल्यावर नव्हे. कुसळीपासून मात्र सांभाळावं. दिवाळीच्या सुमारास तिला कुसळं येतात आणि ती सशाच्या हिरड्यांत, डोळ्यांत, पायाच्या कातडीत घुसतात. आणि कडबनवाडी असो वा शिरसुफळ, वनविभागाच्या कुरणात विळा घेऊन शिरायचं नाही. तिथे आता गवताळ सफारी आहे, लांडगा आणि चिंकारा पाहायला लोक येतात. स्वतःच्या पडीक रानात मारवेलाची ठोंबं लावली तर ती वर्षानुवर्षं टिकतात.

गवत वाळवण्यात इथल्या हवेचा मोठा फायदा आहे. कोकणात ज्यासाठी जीव काढावा लागतो ते इथे चार दिवसांत होतं. सकाळचं दंव उडाल्यावर कापायचं, पातळ पसरायचं, दिवसातून दोनदा उलथायचं. पहिला दिवस उन्हात चालतो, पुढे सावलीत, म्हणजे हिरवा रंग आणि वास राहतो. मूठभर गवत पिळून पाहावं. हाताला ओल लागली तर अजून कच्चं, कडकन मोडून भुगा झाला तर जास्त वाळलं. मग ते विटांवर फळी टाकून त्यावर, गोणपाटात किंवा सुती चादरीत, हवा खेळेल असं ठेवायचं. प्लॅस्टिकच्या पोत्यात कोंडलं की आत घाम धरून बुरशी येते. बुरशीचा वास आलेली मूठ सशाला द्यायची नाही, ‘गुरं खातात की’ म्हणूनही नाही.

रोजचं माप किती? दोन किलोच्या प्रौढ सशापुढे गवत अहोरात्र हवं, त्याच्या अंगाएवढा ढीग, संपला की पुन्हा. ताटातला ८० टक्क्यांहून जास्त भाग हाच. उरलेल्यात दोन मुठी पालेभाजी. बारामतीच्या गणेश मंडईत कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, फ्लॉवरची बाहेरची एखाद-दोन पानं हे सगळं स्वस्तात मिळतं. एका दिवशी दोन-तीन प्रकार, दुसऱ्या दिवशी बदल. पालक, राजगिरा, चुका यांत ऑक्झलेट जास्त, म्हणून क्वचित. मेथी थोडी. स्वच्छ धुऊन, पाणी निथळवून. कांदा, लसूण, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला कधीच नको. पेरू इंदापूरचा कितीही गोड असला तरी एक लहान फोड, आठवड्यातून एकदा. केळ्याच्या बाबतीत तर हात आणखी आखडता घ्यावा. पाणी जड वाडग्यात, दिवसातून दोनदा बदललेलं. दोन किलोचा ससा दिवसाला १०० ते ३०० मिलिलिटर पाणी पितो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. ‘ससा पाणी पीत नाही’ हा समज इथेही आहेच, आणि तो घातक आहे.

भाकरी, चपाती, भात, डाळ, शेंगदाणे, बिस्किट यांना सशाच्या ताटात जागाच नाही. पिष्ट अंधांत्रात पोचलं की तिथले उपकारक जिवाणू हटतात आणि वायू करणारे माजतात. सशाला उलटी करता येत नाही, ढेकर नाही. आत गेलं ते मागूनच बाहेर पडायचं, आणि वाट थांबली की आतडं फुगतं. ‘खातोय ना, मग खाऊ दे’ हे वाक्य मायेचं असलं तरी सशासाठी वाईट. साखर त्यालाही आवडते, म्हणून ती त्याच्या हिताची ठरत नाही.

पेंडीबद्दल. सशासाठी बनवलेली गोळी मिळते. ती द्यायचीच तर किलोमागे २५ ग्रॅमवर जाऊ नये, दोन किलोच्या सशाला ५० ग्रॅम म्हणजे कमाल झाली, रोज गवत खाणाऱ्याला त्याच्या निम्मीही पुरे. बिया, मका आणि रंगीत तुकडे मिसळलेलं खाद्य दुकानात शोभून दिसतं, पण ससा त्यातलं गोड वेचतो आणि बाकी टाकतो. गाईचं सुग्रास तिच्या रवंथी पोटासाठी केलेलं, ते इथे लागू नाही. कोंबड्यांचं खाद्य त्याहून वाईट, त्यात मिसळलेली काही रक्ती-हगवणविरोधी औषधं सशाला विषासारखी बाधतात.

सर्वांत केविलवाणी गोष्ट पिल्लांची. बाजारात जाळीच्या पिंजऱ्यात मुठीएवढी पिल्लं ‘ही लहानच जात आहे’ म्हणून विकतात. जात लहान नसते, वय लहान असतं. ही बहुधा महिन्याचीही नसतात. मादी पिल्लांना दिवसातून एकदाच, काही मिनिटं पाजते, पण ते दूध आणि आईच्या लेंड्यांतून मिळणारे जिवाणू यांवरच पिल्लाचं पोट बसतं. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडलेल्या पिल्लाला घरी आल्या दिवशी कोबी आणि काकडी घातली की तिसऱ्या दिवशी जुलाब, आणि पुढे सांगायला नको. पिल्लू आणलंच असेल तर पहिले दोन आठवडे फक्त वाळलेलं गवत, थोडा वाळलेला घास, पाणी, आणि विकणाऱ्याकडे जे खात होतं त्यातलंच थोडं. हिरवा पाला नंतर, एकेक पान करत. मोठ्या सशाचं खाणं बदलतानाही दोन-तीन आठवडे घ्यावेत. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवणं हा हट्ट सशाच्या यकृतावर उलटतो, जाड्या सशाच्या तर हमखास.

उन्हाळ्यात इथला पारा ४० च्या पुढे जातो आणि ससा ३० च्या वरच धापू लागतो. त्याला घाम येत नाही, उष्णता कानांतून बाहेर पडते. त्या दिवसांत तो दुपारी खातच नाही, म्हणून गवत संध्याकाळी आणि पहाटे ताजं टाकावं, पाला ओला द्यावा, पिंजऱ्यावर ओलं गोणपाट, आत मातीचं खापर. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला ससा मे महिना क्वचितच पाहतो.

बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्या थांबल्या, तर तो दुसऱ्या दिवसावर ढकलायचा आजार नाही. तालुक्याच्या ठिकाणचे पशुवैद्य गाई-म्हशींत मुरलेले असतात, सशाशी त्यांचा संबंध कमी येतो. त्यांना आधी विचारून ठेवावं की ससा पाहता का. दोनेक तासांच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यातही सशाची माहिती असलेले डॉक्टर आहेत. एक मात्र पाठ करावं. औषधाच्या दुकानातून अमोक्सिसिलिन आणून सशाच्या तोंडात घालू नये. माणसाला गुणकारी असलेलं हे प्रतिजैविक तोंडावाटे दिलं तर त्याच्या पोटातले जिवाणू मारून त्यालाच मारू शकतं.

दिवाळीचा हा अंक हातात पडेल तेव्हा घरात फराळ असेल. चिवडा, शंकरपाळे, चकली पिंजऱ्याच्या जाळीतून आत सरकवायचा मोह लहानांना होणारच. त्यांच्या हातात शंकरपाळ्याऐवजी हरळीची जुडी द्यावी, खेळ तोच राहतो. फटाक्यांच्या धसक्यानेही सशाचं आतडं थांबतं. चार दिवस पिंजरा आतल्या खोलीत, चादर टाकून, आणि गवताचा ढीग दुप्पट.

शेवटी हिशोबाची गोष्ट. दिवाळीनंतर रब्बीचा चारा म्हणून ओट पेरायची वेळ असते, आणि वाळलेला ओट सशासाठी टिमोथीच्या तोडीचा आहे. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि जानेवारीतल्या ‘कृषिक’ प्रदर्शनात चाऱ्याची पिकं उभी पाहायला मिळतात, तिथे चौकशी करता येईल. गुंठ्याला किलोभर बी लागतं. चांगल्या जमिनीत हेक्टरी ४०० क्विंटलच्या आसपास हिरवा चारा धरला, तर गुंठ्याला ४०० किलो, आणि वाळून ८० किलो तरी हाती येतं. दोन किलोचा ससा दिवसाला शंभर ग्रॅम गवत धरला तरी वर्षाला ३६-३७ किलो खातो. गोठ्याशेजारचा एक गुंठा म्हणजे दोन सशांचं वर्षभराचं जेवण. युरिया बेताने टाका, तणनाशक अजिबात नको, आणि दाणा भरायच्या आधी, फुलोऱ्यातच कापा.